श्रम मंत्रालयाचा इतिहास: मजूर खात्यातून काय काय बाहेर पडलं?

दप्तरी (धागाकर्ता)

दिल्लीत रफी मार्गावर श्रमशक्ती भवन आहे. नाव श्रमाचं, पण वर्षानुवर्षं तिथे वीज मंत्रालय आणि जलसंपदा खातंही बसत आलंय. हा जागावाटपाचा योगायोग असेल. पण १९४२ ते १९४६ या काळात ही तिन्ही कामं खरोखरच एका माणसाकडे होती: व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कारखाने आणि खाणी तर होत्याच, शिवाय वीज, पाटबंधारे, सरकारी बांधकामं आणि सरकारी छापखानेसुद्धा मजूर खात्याकडे.

या खात्याचा इतिहास आपल्याकडे दोन टोकांना सांगितला जातो. एका टोकाला बाबासाहेबांच्या काळातल्या कायद्यांची यादी, जिचा बराच भाग व्हॉट्सॅपवर फिरून फिरून फुगलेला. दुसऱ्या टोकाला श्रमसंहितांवरचं (म्हणजे २९ कामगार कायदे गोळा करून केलेल्या चार नव्या कायद्यांवरचं) भांडण. मधली सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी बोलतच नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात १९१९ पासून करतो. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना (आयएलओ) स्थापन झाली आणि पारतंत्र्यात असूनही हिंदुस्थान तिचा संस्थापक सदस्य झाला. तिथे सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी पाठवावे लागतात. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले, पण त्यांना नेमलं सरकारनेच, कारण ज्याला विचारावं अशी देशभराची संघटनाच नव्हती. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) उभी राहिली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आधी खुर्ची आली, मग तिच्यावर बसणारी संघटना!

सरकारी बाजूला १९२० च्या दशकात ‘उद्योग व मजूर’ असं जोडखातं होतं. १९२३ चा अपघात भरपाईचा कायदा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा ही त्या काळातली कामं. १९२९ मध्ये कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला व्हिटली आयोग नेमला गेला, त्यातही जोशी सदस्य होते. १९३७ मध्ये जोडखातं फुटलं, दळणवळण एकीकडे गेलं आणि मजूर खातं स्वतंत्र झालं.

मला या खात्याची सगळ्यात मोठी कमाई वाटते ती कुठलाही एक कायदा नव्हे, तर त्रिपक्षीय परिषद. ७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसचं ते प्रसिद्ध अधिवेशन सुरू होतं आणि त्याच दिवशी दिल्लीत आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार पहिल्यांदा या पद्धतीने समोरासमोर बसले होते. त्याआधीच्या परिषदा केंद्र आणि प्रांतांच्या सरकारांपुरत्या होत्या. पुढे जे जे चांगलं झालं ते बरंचसं या बैठकींतून आलं आणि पुढे जे जे बिघडलं ते या बैठकी गुंडाळल्यामुळे, असं माझं मत. पटत नसेल तर सांगा.

सुहासिनी

छान विषय. एक शंका. ‘आंबेडकरांनी कामाचे तास १४ वरून ८ केले’ हे दर १४ एप्रिलला आणि १ मेला येतं. हे कितपत खरं?

निवृत्त_सरकारी_कामगार_अधिकारी

सुहासिनीताई, अर्धं खरं आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादाच नव्हती. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १० आणि ५४. म्हणजे बाबासाहेब मंत्री झाले तेव्हा कायद्यात आठवड्याचे ५४ तास होते.

त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. १ ऑगस्ट १९४६ पासून लागू. दिवसाची कमाल मर्यादा ९ तास. सहा दिवसांनी भागलं की आठ येतात, म्हणून ‘आठ तास’. १४ चा आकडा कुठून आला देव जाणे.

पण यात त्यांचं श्रेय कमी होत नाही. मालक म्हणत होते की युद्ध नुकतंच संपलंय, कापडाची टंचाई आहे, आता तास कमी करू नका. तरी त्याच पगारात सहा तास कमी करून घेणं सोपं नव्हतं. आणि हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवणाऱ्यांत होते. चार वर्षांत ते रस्त्यावरून थेट खात्याच्या खुर्चीत आले. कामगार खात्यात जन्म काढलेला माणूस म्हणून सांगतो, दोन्हीकडून पाहिलेला मंत्री पुन्हा क्वचितच आला.

पाथरवट

मग कोळसा खाणीतल्या बायकांबद्दलही बोला. तो भाग गौरवग्रंथांत सापडत नाही.

खाणीत जमिनीखाली बायकांना काम करायला १९३० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बंदी आली होती. आयएलओचा त्याबद्दलचा करारही हिंदुस्थानने मान्य केला होता. १९४३ मध्ये युद्धामुळे कोळसा कमी पडायला लागला, खाणीतले मजूर लष्करी कामांकडे पळाले, कारण तिथे मजुरी जास्त मिळायची. सरकारने बंदी उठवली. मजूर मंत्री कोण? बाबासाहेब. मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी या निर्णयाचा बचावही केला.

निवृत्त_सरकारी_कामगार_अधिकारी

केला. आणि त्याच चर्चेत त्यांनी हेही ठासून सांगितलं की या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाईल. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते स्वतः धनबादच्या खाणी पाहायला गेले होते. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्यातून दवाखाने, पाणी, घरं. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

मला तो निर्णय योग्य वाटत नाही, पण अडचणीत सापडलेला मंत्री काय काय पदरात पाडून घेऊ शकतो याचा तो नमुना आहे. उपकराची ती पद्धत पुढे अभ्रक, लोहखनिज, विडी अशा कितीतरी धंद्यांत गेली. आपल्याकडे सोलापूर, अहमदनगर, सिन्नर भागातल्या विडी कामगारांना जे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळायच्या, त्यांची आजी म्हणजे १९४४ चा तो अध्यादेश. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये विडीवरचा तो उपकर गेला.

अवांतर: २०१९ मध्ये सरकारने बायकांना खाणीत जमिनीखाली काम करायची मुभा पुन्हा दिली. या वेळी ती समान संधी म्हणून.

दप्तरी

पाथरवट, चांगला मुद्दा काढलात.

त्या चार वर्षांतली आणखी दोन मराठी नावं. एक प्रा. बी. पी. अडारकर. कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला मजूर खात्याने त्यांना नेमलं. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला, आयएलओच्या तज्ज्ञांनी त्यावर हात फिरवला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज ज्याला आपण नुसतं ‘ईएसआय’ म्हणतो ते. दुसरे द. वि. रेगे, आयसीएस. त्यांच्या समितीने १९४४ ते ४६ मध्ये गिरण्यांपासून रिक्षा ओढणाऱ्यांपर्यंत धंद्याधंद्यातली मजुरी, घरं, कर्ज यांची पाहणी केली. किती लोक कसे राहतात हे मोजल्याशिवाय कायदा करायचा नाही, ही सवय तेव्हा होती. आता ती...असो.

आणि सेवायोजन कार्यालयं! ती बेकारांसाठी सुरू झाली नव्हती. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कामावर लावायला ती उघडली. फाळणीनंतर निर्वासित तिथे आले आणि मग ती सगळ्यांची झाली.

कोकणचा_वाघ्या

एम्प्लॉयमेंटचं कार्ड!! आमच्या पिढीत ज्याने ते रिन्यू केलं नाही त्याला घरात जेवायला मिळत नव्हतं. कॉल कुणाला आला ते विचारू नका.

गिरणगावकर

गुलझारीलाल नंदांबद्दल कुणी बोलणार आहे का? नाहीतर मी बोलतो.

आंबेडकरांनंतर जगजीवनराम, स्वतंत्र भारताचे पहिले मजूर मंत्री. खातं त्यांच्याकडे १९४६ ते ५२. किमान वेतन, कारखाने कायदा, प्रॉव्हिडंट फंड हे त्यांच्या काळात झालं, बऱ्याच कायद्यांची मुळं आधीच्या चार वर्षांतली. मग व्ही. व्ही. गिरी आले. गिरींचं म्हणणं होतं की कोर्टकज्जे नकोत, मालक-कामगारांनी आपसात बोलून ठरवावं, सरकारने मध्ये पडू नये. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेला निवाडा सरकारनेच बदलला आणि गिरींनी राजीनामा दिला. तत्त्वासाठी कामगार मंत्रिपद सोडलेला माणूस! नंतर तो बँकांचा घोळ निस्तरायला न्या. गजेंद्रगडकरांना बसवलं. हेच गजेंद्रगडकर १९६६ मध्ये पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले.

१९५७ ला नंदा आले. ते अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेतले, गांधीवादी, संपापेक्षा लवाद बरा म्हणणारे. दिल्लीला जायच्या आधी ते मुंबई प्रांताचे मजूर मंत्री होते आणि १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, म्हणजे बीआयआर, त्यांचा. त्यात एका गावातल्या एका धंद्याला एकच मान्यताप्राप्त युनियन. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती नको असली तरी बोलणी तिच्याशीच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख लोक दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले तेव्हा बोनस आणि पगारवाढीबरोबर ‘बीआयआर रद्द करा’ हीसुद्धा मागणी होती. सामंतांशी बोलायला कायद्याने कुणी बांधीलच नव्हतं.

दप्तरी, तुमची त्रिपक्षीय बैठक छान. पण तिसऱ्या बाजूला कुणाला बसवायचं हे सरकारनेच ठरवलं की काय होतं ते लालबाग-परळला विचारा. १९१९ ला जोशींना नेमलं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं म्हणून चाललं. १९८२ ला होतं.

हिशेबनीस

गिरणगावकरांचं दुःख समजतं, पण नंदांच्या खात्यात एक गोष्ट अशी झाली की मला तिच्यासाठी त्यांचे बरेच गुन्हे माफ करावेसे वाटतात.

१९५७ ची पंधरावी भारतीय श्रम परिषद, म्हणजे दप्तरींची ती त्रिपक्षीय बैठकच. तिघांनी एकमताने ठरवलं की किमान वेतन म्हणजे मालकाला परवडेल ते नव्हे, तर माणसाला लागेल ते. आणि ‘लागेल ते’ म्हणजे काय हे मोजून दाखवलं:

एका कमावत्यामागे तीन ‘खाणारी एककं’. पुरुष १, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बायका-मुलांची कमाई धरायची नाही. अन्न आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे साधारण २७०० कॅलरी. कापड माणशी वर्षाला १८ वार, चौघांचे ७२ वार. घरभाडं सरकारी औद्योगिक वसाहत योजनेतलं किमान. आणि सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के.

बाईला ०.८ का, यावर आज भांडता येईल, भांडावंच. पण हा हिशेब इतका पक्का निघाला की सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात तोच आधार धरला आणि त्यावर मुलांचं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के मिळवले. सातव्या वेतन आयोगाने २०१५ मध्ये १८,००० रुपयांचा किमान पगार काढला तोही याच नियमांवर.

आता गंमत. दुसऱ्या वेतन आयोगाने सरकारला विचारलं की हे श्रम परिषदेचं सूत्र तुम्हाला बंधनकारक आहे का? अर्थ मंत्रालयाने कळवलं, नाही. म्हणजे श्रम मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली सरकारने सही केली आणि अर्थ खात्याने ती सही आमची नाही म्हणून सांगितलं. आयोगाने किमान ८० रुपये ठरवले. १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला आणि तो मोडून काढला गेला.

माझ्या मते श्रम मंत्रालयाचा सगळा इतिहास या एका पत्रव्यवहारात आहे. वचन द्यायचं श्रम खात्याने, चेकबुक अर्थ खात्याच्या टेबलात.

दप्तरी

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

गिरणगावकर, तुमचा आक्षेप मान्य करूनही म्हणतो की बीआयआर हा प्रांताचा कायदा होता आणि त्यात नेमका तिसरा पक्ष मोकळेपणाने निवडायची सोय नव्हती. आंबेडकरांनी १९४३ मध्ये मालकांना युनियन मान्य करणं सक्तीचं करणारं बिल आणलं होतं. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली आणि ती कधी अमलातच आणली नाही. दोष बैठकीचा नाही, दारावरच्या पहारेकऱ्याचा आहे.

गिरणगावकर

पहारेकरी खात्याचाच होता ना राव.

मीनल_त

सगळे कारखान्यातच अडकलेत. समाजकल्याणाकडे या जरा.

स्वतंत्र भारतात कल्याणाचं काम श्रम खात्याकडे आलंच नाही. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्ष. त्याच वर्षी त्यांचं चिंतामणराव देशमुखांशी लग्न झालं होतं, म्हणजे अर्थमंत्री घरातच. (हिशेबनीस, चेकबुकची अशीही सोय असते.) मंडळ शिक्षण मंत्रालयाखाली. १९६४ मध्ये सामाजिक सुरक्षा खातं निघालं, १९६६ मध्ये त्याचं समाजकल्याण खातं झालं. १९८५ मध्ये कल्याण मंत्रालय, त्यात गृह खात्यातून अनुसूचित जाती-जमातींचा विभाग आला आणि महिला व बालविकास वेगळा निघाला. १९९८ मध्ये सामाजिक न्याय व अधिकारिता असं नाव. १९९९ मध्ये आदिवासी, २००६ मध्ये अल्पसंख्याक वेगळे.

ही नावं पाठ करायची नाहीत. पण या विभागणीचा एक परिणाम माझ्या ओळखीच्या प्रत्येक अंगणवाडी सेविकेच्या पासबुकात दिसतो. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती समाजकल्याण खात्याखाली. त्यामुळे सेविका ‘कामगार’ ठरल्या नाहीत, ‘मानसेवी’ ठरल्या. पगार नाही, मानधन. पोषण आहार शिजवायचा, वजनं घ्यायची, मोबाइलवर माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची, आणि हे सगळं समाजसेवा म्हणून.

२०१३ च्या पंचेचाळिसाव्या श्रम परिषदेत तिन्ही पक्षांनी सांगितलं की योजनांवर राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या. काही झालं नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या खटल्यात निदान ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. ग्रॅच्युइटी कायदा श्रम खात्याचा, १९७२ चा! म्हणजे कल्याण मंत्रालयाच्या बाईला शेवटी श्रम मंत्रालयाच्या कायद्यानेच हात दिला.

सुहासिनी

मीनल, +१००. ‘सेवा’ म्हटलं की पगार मागता येत नाही.

पाथरवट

मध्ये एक विसरलेलं नाव टाकतो. रघुनाथ केशव खाडिलकर, आधी खेडचे आणि १९७१ पासून बारामतीचे खासदार. १९७१ मध्ये ते श्रम व पुनर्वसन मंत्री होते. १९६६ पासून पुनर्वसनही याच मंत्रालयाला जोडलं होतं, त्यामुळे बांगलादेश युद्धाच्या वेळी आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांच्या छावण्यांचा भार श्रम मंत्र्यावर आला. आज कुणाला सांगून पटेल का?

छोटा_उद्योजक

एवढं वाचून मी गप्प बसणार होतो, पण बसत नाही. आमच्यासारख्या पस्तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याला तुमच्या या ‘कमाई’चा अर्थ म्हणजे रजिस्टरं. एका कायद्यात ‘वेतन’ची व्याख्या एक, दुसऱ्यात दुसरी. इन्स्पेक्टर कुठल्या कायद्याखाली आलाय हे तो चहा पिऊन झाल्यावर कळायचं. २९ कायद्यांच्या चार संहिता केल्या तर इतका गहजब का? दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने, रवींद्र वर्मांच्या, २००२ मध्येच एकत्रीकरण सुचवलं होतं. ते काही मालकांचं मंडळ नव्हतं.

निवृत्त_सरकारी_कामगार_अधिकारी

चहाचा टोमणा पोचला. आम्ही तो स्वतःच्या पैशाने प्यायचो, सगळेच नाही, कबूल.

एकत्रीकरणाला माझाही विरोध नाही. रजिस्टरं कमी व्हायलाच हवी होती. पण त्या आडून आकडे बदलले. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागते ती किती कामगारांपासून? १९७६ मध्ये आणीबाणीत ही तरतूद आली तेव्हा ३०० पासून. १९८२ च्या दुरुस्तीने १००. २०२० च्या संहितेत पुन्हा ३००. इंदिरा गांधींच्या आणीबाणीतला आकडा आज सुधारणा म्हणून विकला जातोय, याची मला गंमत वाटते.

दप्तरी

आणि माझा मूळ मुद्दा. वेतन संहिता २०१९ ची, उरलेल्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या, तेही विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू असताना. चारही २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आल्या. शेचाळिसावी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये भरली होती, आणि त्यानंतर संहिता मंजूर होईपर्यंत एकही भरली नाही. स्वातंत्र्यानंतरचा कामगार कायद्यातला सगळ्यात मोठा बदल, आणि १९४२ पासूनची ती बैठक न घेता. छोटा_उद्योजक, त्या बैठकीत तुमचीही खुर्ची होती. तुमची रजिस्टरं तिथेच मांडायची होती.

छोटा_उद्योजक

आमची खुर्ची कधीच नव्हती. तिथे मोठ्या उद्योगांच्या संघटना बसायच्या. चाळीस माणसांच्या वर्कशॉपला कोण विचारतो?

गिरणगावकर

या एका वाक्यावर तुम्हाला माझ्यातर्फे चहा. इन्स्पेक्टरसाहेबांनाही बोलवा.

सुहासिनी

जाता जाता: घरपोच सामान आणणारी मुलं यात कुठे बसतात? त्यांना कामगार म्हणायचं की ‘पार्टनर’?

निवृत्त_सरकारी_कामगार_अधिकारी

सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग’ कामगार पहिल्यांदा कायद्यात आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. पण त्यांना किमान वेतन किंवा कामाचे तास लागू होत नाहीत. म्हणजे कल्याण मिळेल, कामगारपण नाही. मीनलताईंच्या अंगणवाडीसारखंच.

यावर उत्तर शोधायला दिल्लीत जायचीही गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून मंडळ काढलं. हमालांची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्यांचीही मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ मजुरी देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. त्यात पुढे बोगस टोळ्या आणि खंडणीचे प्रकार शिरले, ते वेगळं. पण लेव्ही उलाढालीवर नाही, मजुरीवर बसते, आणि मजुरी मंडळाच्या हातून जाते. ॲपवाल्या कंपन्यांकडे तर प्रत्येक फेरीचा हिशेब मिनिटामिनिटाने आधीच असतो.